जेट्सच्या मालकांना खुलं पत्र: निवडी मिळाल्या, आता माणसं टिकवा

नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. वुडी जॉन्सन,
मालक, न्यू यॉर्क जेट्स,
फ्लोरहॅम पार्क, न्यू जर्सी

विषय: ४ नोव्हेंबरचे सौदे, गेला हंगाम आणि यापुढचे निर्णय

स.न.वि.वि.

मंगळवारी, ४ नोव्हेंबरला, अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये (एनएफएल) खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपत आली असताना तुमच्या संघाने कॉर्नरबॅक सॉस गार्डनरला इंडियानापोलिस कोल्ट्सकडे आणि डिफेन्सिव्ह टॅकल क्विनेन विल्यम्सला डॅलस काउबॉइजकडे पाठवलं. बचावफळीतले दोन सर्वांत मोठे खेळाडू एकाच दिवशी गेले. त्या बदल्यात मुख्यतः ड्राफ्टमधल्या निवडी, म्हणजे दर एप्रिलला नवे खेळाडू घेण्याचे हक्क, मिळाले हे आम्हाला ठाऊक आहे, आणि निव्वळ कागदावर पाहिलं तर सौदे वाईट नाहीत. आमचं म्हणणं वेगळं आहे. या संघात निर्णय घेणारा एक असतो आणि त्याचा हिशेब चुकता करणारा दुसराच. गेली अनेक वर्षं हेच चाललं आहे, आणि हे थांबवणं तुमच्या एकट्याच्या हातात आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला.

आम्ही न्यू जर्सीत राहणारे मराठी प्रेक्षक. एडिसन, जर्सी सिटी, पार्सिपनी भागातल्या आमच्या घरांत क्रिकेटबरोबर रविवारचा जेट्सचा सामनाही आता ठरलेला असतो. आमच्यातल्या काहींनी २०१० मध्ये नवं स्टेडियम उभं राहिलं तेव्हा सीटचे परवाने विकत घेतले. जेट्स शेवटचे प्लेऑफमध्ये खेळले ते २०१० च्याच हंगामात. जानेवारी २०११ मध्ये पिट्सबर्गमध्ये २४-१९ असे हरून ते अंतिम फेरीच्या दारातून परत आले. त्यानंतर आजवर एकदाही नाही, आणि इतका मोठा दुष्काळ लीगमधल्या दुसऱ्या कोणत्याही संघाच्या वाट्याला आज नाही. त्या वर्षी जन्मलेली आमची मुलं आता हायस्कुलात आहेत. पराभवांपेक्षा विजय जास्त असलेला शेवटचा हंगाम २०१५ चा. मुलांनी तो पाहिला असला तरी त्यांना आठवण्यासारखा नाही.

आता मुद्दे. महाराष्ट्रातले वाचकही हे वाचतील, म्हणून काही नियम जाता जाता सांगतो. तुम्हाला ते पाठ आहेतच.

सुरुवात २०२४ पासून करावी लागेल. संघ ५-१२ वर संपला. पण ते १२ पराभव एकेक करून पाहा. डेन्व्हरकडून १०-९, मिनेसोटाकडून २३-१७, बफेलोकडून २३-२०, न्यू इंग्लंडकडून २५-२२, इंडियानापोलिसकडून २८-२७, सिअ‍ॅटलकडून २६-२१, मायामीकडून जादा वेळेत ३२-२६. सात सामने सहा किंवा त्याहून कमी गुणांनी गेले. डेन्व्हरविरुद्ध शेवटच्या क्षणी ५० यार्डांची किक हुकली. बफेलोविरुद्ध दोन फील्ड गोल (तीन गुणांच्या किक) हुकले आणि फरक तीन गुणांचा राहिला. न्यू इंग्लंडविरुद्ध एक फील्ड गोल आणि टचडाउननंतरची एका गुणाची किक गेली, फरक पुन्हा तीनच. हे सामने गेले ते किकर, शिस्त आणि शेवटच्या दोन मिनिटांतलं घड्याळ सांभाळण्यात. यावरचे उपाय लहान असतात: ऑक्टोबरमध्येच किकर बदलणं, स्पेशल टीम्सना (किकच्या वेळी मैदानात उतरणाऱ्या तुकड्यांना) सरावात जास्त वेळ देणं, सामन्याच्या दिवशी घड्याळावर नजर ठेवणारा एक सहायक नेमणं.

तुम्ही मोठा उपाय केलात. ६ ऑक्टोबरला लंडनमध्ये मिनेसोटाकडून हार झाली आणि ८ ऑक्टोबरच्या मंगळवारी मुख्य प्रशिक्षक रॉबर्ट साले यांना काढलंत. संघ तेव्हा २-३ होता आणि १२ सामने बाकी होते. त्याच आठवड्यात आक्रमणाचे डाव पुकारण्याचं काम नॅथॅनिएल हॅकेट यांच्याकडून टॉड डाउनिंग यांच्याकडे गेलं. बचाव सांभाळणारे जेफ उलब्रिच हंगामी मुख्य प्रशिक्षक झाले, आणि बचावाचे डावही त्यांनाच पुकारावे लागले. एका माणसावर दोन पूर्णवेळ कामं आली. परिणाम आकड्यांत बघा. सालेंच्या पाच सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांनी मिळून ८५ गुण केले, म्हणजे सामन्याला १७. पुढच्या १२ सामन्यांत ३१९ केले, म्हणजे जवळपास २६.६. खेळाडू बहुतांश तेच होते. जो विभाग चालत होता तोच त्या मंगळवारी मोडला, आणि ज्या आक्रमणासाठी हा खटाटोप झाला ते फारसं सुधारलं नाही. सालेंचा एकूण हिशेब २०-३६ होता. त्यांना ठेवाच, असा आमचा आग्रह नव्हता. पण हे जानेवारीत करायचं काम होतं. ऑक्टोबरमध्ये बाहेरून नवा प्रशिक्षक आणता येत नाही, त्याच्या पसंतीचे सहायकही दुसऱ्या संघांच्या करारांत अडकलेले असतात. म्हणजे काढणं होतं, नेमणं होत नाही.

१९ नोव्हेंबर २०२४ ला जनरल मॅनेजर जो डग्लस गेले. त्यांच्या आधीचे माइक मॅकॅग्नन यांना २०१९ च्या मे महिन्यात काढलं होतं. मार्चमध्ये मोकळ्या खेळाडूंवर त्यांनी मोठी रक्कम खर्च केली, एप्रिलमध्ये ड्राफ्ट त्यांनीच केला, आणि मे महिन्यात ते घरी. त्यांनी घेतलेल्या लेव्हियन बेलला पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सोडावं लागलं. रोप लावायचं आणि मूळ धरलं का ते बघायला दर महिन्याला उपटायचं, असं हे चाललं आहे.

यात सर्वांत महाग पडलेला निर्णय क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, पास फेकणारा खेळाडू) अ‍ॅरन रॉजर्सचा, आणि त्यावर थोडं सविस्तर लिहावं लागेल, कारण त्याचं बिल अजून संपलेलं नाही. एप्रिल २०२३ मध्ये ग्रीन बे पॅकर्सना आपण त्या वर्षीची पहिल्या फेरीतली १३ वी, दुसऱ्या फेरीतली ४२ वी आणि सहाव्या फेरीतली २०७ वी निवड दिली, शिवाय २०२४ ची दुसऱ्या फेरीतली निवड. बदल्यात रॉजर्स आणि १५ वी व १७० वी निवड मिळाली. ११ सप्टेंबर २०२३ ला बफेलोविरुद्ध, जेट्ससाठी चौथ्याच डावाला (स्नॅपला), त्याचा डावा अकिलीस (टाचेमागचा स्नायुबंध) तुटला. इथपर्यंत दैव म्हणता येईल. त्यापुढे काय झालं ते दैवाच्या खात्यावर टाकता येणार नाही. त्याच्या भोवतीच सगळा संघ रचला गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिसीव्हर (पास झेलणारा) दावांते अ‍ॅडम्सला लास व्हेगसकडून तिसऱ्या फेरीच्या निवडीच्या मोबदल्यात आणलं. तो हंगामाचा उरलेला भाग खेळला आणि मार्च २०२५ मध्ये त्याला सोडून दिलं. रॉजर्सलाही त्याच महिन्यात सोडलं.

सोडल्यावर काय होतं, हे बाहेरच्या वाचकाला चटकन कळत नाही. लीगमध्ये प्रत्येक संघाला खेळाडूंच्या पगाराची वार्षिक मर्यादा असते, तिला सॅलरी कॅप म्हणतात. २०२५ साठी ती २७.९२ कोटी डॉलर आहे. साइनिंग बोनस खेळाडूच्या हातात लगेच पडतो, पण कॅपच्या वहीत तो जास्तीत जास्त पाच वर्षांत विभागून लिहिता येतो. समजा ५ कोटींचा बोनस पाच वर्षांवर पसरला, तर वर्षाला १ कोटी लागतात. दोन वर्षांनी खेळाडूला सोडलं तर उरलेले ३ कोटी एकदम अंगावर येतात. १ जूननंतर सोडलं, किंवा तशी नोंद करून आधी सोडलं, तर चालू वर्षाचा हिस्सा यंदा आणि बाकीचा सगळा पुढच्या वर्षी. याला डेड मनी म्हणतात: खेळाडू दुसरीकडे खेळतो आणि त्याच्या नावाची रक्कम आपल्या वहीत जागा अडवून बसते. रॉजर्सची ही रक्कम ४.९ कोटी डॉलर आहे. त्यातले १.४ कोटी यंदा, ३.५ कोटी २०२६ मध्ये. यंदाच्या मर्यादेच्या मापाने ३.५ कोटी म्हणजे जवळपास आठवा हिस्सा. हा करार केला डग्लस यांनी, फेडायचा आहे नवे जनरल मॅनेजर डॅरेन मूगी आणि नवे प्रशिक्षक अ‍ॅरन ग्लेन यांना. आणि तोच रॉजर्स यंदाच्या पहिल्या सामन्यात पिट्सबर्गकडून आपल्याविरुद्ध चार टचडाउन पास टाकून ३४-३२ असा जिंकून गेला.

हासन रेडिकचं प्रकरण लहान आहे, पण त्यातून शिकण्यासारखं जास्त आहे. ब्राइस हफ हा ड्राफ्टमध्ये कुणी न निवडलेला, जेट्सनेच घडवलेला खेळाडू. २०२३ मध्ये त्याने १० सॅक (चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं) केले. मार्च २०२४ मध्ये फिलाडेल्फियाने त्याला तीन वर्षांचे ५.१ कोटी देऊन नेलं. त्याच्या जागी आपण फिलाडेल्फियाचाच रेडिक आणला, २०२६ च्या तिसऱ्या फेरीची निवड देऊन. रेडिकला नवा करार हवा होता, हे सगळ्या जगाला माहीत होतं. असा सौदा करताना नियम साधा असतो: आधी खेळाडूच्या एजंटशी रक्कम ठरवायची, मग निवड द्यायची. ते झालं नाही. रेडिक सराव शिबिराला आला नाही, ऑक्टोबरच्या अखेरपर्यंत खेळला नाही, आणि हंगामात त्याच्या नावावर एकच सॅक लागला. मग तोही गेला. २०२६ मधली आपली तिसऱ्या फेरीतली निवड आज फिलाडेल्फियाच्या नावावर आहे.

आता गार्डनर. १५ जुलै २०२५ च्या सुमारास त्याच्याशी चार वर्षांचा १२.०४ कोटींचा करार झाला, तेव्हाचा कॉर्नरबॅकसाठीचा सर्वांत मोठा. चार महिनेही झाले नाहीत आणि तो गेला. ज्या खेळाडूभोवती पुढची चार वर्षं बांधायची असं जुलैत ठरलं, त्याच्याबद्दलचं मत नोव्हेंबरात बदलण्यासारखं मैदानावर काय दिसलं? सुरुवातीला संघ सलग सात सामने हरला, हे खरं. २६ ऑक्टोबरला सिनसिनाटीत ३९-३८ असा पहिला विजय मिळाला. आठ सामन्यांत बचावाला एकही इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याचा पास मधेच पकडणं) मिळालं नाही, हेही खरं. पण त्यातली मोठी दुखणी चेंडू फेकण्याच्या बाजूची होती. १२ ऑक्टोबरला लंडनमध्ये डेन्व्हरविरुद्ध क्वार्टरबॅक जस्टिन फील्ड्सने पूर्ण सामन्यात पासवर ४५ यार्ड मिळवले आणि नऊ सॅकमध्ये ५५ गमावले. म्हणजे पासिंगचा निव्वळ हिशेब उणे १०. आणि तरीही तो सामना ११-१३ असा फक्त दोन गुणांनी गेला, कारण बचाव उभा होता. मोडली ती त्याच बचावाची फळी.

करारासोबत दिलेल्या साइनिंग बोनसचा उरलेला हिस्सा सौद्यानंतरही जुन्या संघाच्याच वहीत राहतो. तोही आपणच भरणार. जुलैत करार न करता गार्डनरला पाठवलं असतं तर हा भार नसता. हे जुलैतच का सुचलं नाही, याचं उत्तर समर्थकांना मिळायला हवं.

जे चांगलं झालं तेही लिहितो, कारण ते खरं आहे आणि ते मोडू नये अशी आमची इच्छा आहे. गार्डनरच्या बदल्यात कोल्ट्सच्या २०२६ आणि २०२७ च्या पहिल्या फेरीतल्या निवडी आणि रिसीव्हर अ‍ॅडोनाय मिचेल. विल्यम्सच्या बदल्यात काउबॉइजची २०२६ ची दुसरी फेरी, २०२७ ची पहिली फेरी आणि डिफेन्सिव्ह टॅकल माझी (Mazi) स्मिथ. स्वतःच्या धरून दोन वर्षांत पहिल्या फेरीच्या पाच निवडी, दोन २०२६ मध्ये आणि तीन २०२७ मध्ये. आक्रमणाच्या लाइनची दोन्ही टोकं तरुण आहेत: २०२४ मध्ये ११ व्या क्रमांकावर घेतलेला ओलू फशानू आणि २०२५ मध्ये सातव्या क्रमांकावरचा आर्मंड मेंबू. टॅकलची अशी जोडी स्वस्त करारावर मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे. गॅरेट विल्सन करारात बांधलेला आहे.

आणि निवडींचं सोनं होऊ शकतं, हे याच संघाने दाखवलं आहे. जुलै २०२० मध्ये जमाल अ‍ॅडम्सला सिअ‍ॅटलला देऊन पहिल्या फेरीच्या दोन निवडी मिळाल्या. त्यातली एक वर सरकून अलायजा व्हेरा-टकर घेण्यासाठी वापरली, दुसरीवर २०२२ मध्ये १० व्या क्रमांकावर गॅरेट विल्सन आला. त्याच ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर गार्डनर. आक्रमण आणि बचाव, दोन्हींतले त्या वर्षीचे सर्वोत्तम नवोदित जेट्सचेच होते. तरी त्यानंतरचे तीनही हंगाम विजयापेक्षा पराभवांचेच का गेले? कारण क्वार्टरबॅक. २०१८ मध्ये सॅम डार्नल्डसाठी सहावी निवड, दुसऱ्या फेरीच्या दोन निवडी आणि २०१९ ची दुसरी फेरी कोल्ट्सना दिली. त्यातल्या सहाव्या निवडीवर कोल्ट्सनी गार्ड क्वेंटन नेल्सन उचलला. डार्नल्डच्या पहिल्या वर्षानंतर मुख्य प्रशिक्षक बदलला, तिसऱ्या वर्षानंतर तो आणि प्रशिक्षक दोघेही गेले. पुढे मिनेसोटाकडून त्याने १४ सामने जिंकले, त्यातला एक लंडनमध्ये आपल्याविरुद्ध. त्याच्यानंतर २०२१ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर झॅक विल्सन घेतला. दोन वर्षांनी त्याचा कोऑर्डिनेटर (आक्रमणाचा प्रशिक्षक) बदलला, रॉजर्स आला, आणि तिसऱ्या वर्षानंतर झॅक डेन्व्हरला. नवा कोऑर्डिनेटर आला की डावांची भाषा बदलते, पायांची हालचाल बदलते, कोणत्या रिसीव्हरकडे आधी पाहायचं तो क्रम बदलतो. २२ वर्षांच्या मुलाने दोन वर्षांत घोटलेलं सगळं पुसून पुन्हा सुरू करायचं, तेही समोरून धावून येणाऱ्या लाइनमनसमोर. यात गुणवत्ता तपासली जाते, असं आम्हाला वाटत नाही.

पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो, पाचव्या वर्षाचा पर्याय संघाकडे असतो, आणि तीन हंगामांनंतर त्याच्याशी मोठा करार करता येतो. म्हणजे २०२६ मध्ये क्वार्टरबॅक घेतला तर स्वस्तातली वर्षं २०२६ ते २०२८, फार तर २०३० पर्यंत. २०२७ चे तीन खेळाडू त्याच खिडकीत येतात. रॉजर्सचं डेड मनी २०२६ अखेर संपतं. ही खिडकी उघडण्याची वेळ ठरलेली आहे. मधेच माणसं बदलली तर ती वाया जाईल.

म्हणून आमच्या मागण्या.

ग्लेन आणि मूगी यांना २०२७ चा हंगाम संपेपर्यंत काढणार नाही, असं जाहीर करा. वागणुकीचा प्रश्न आला तर गोष्ट वेगळी, पण हरण्यामुळे हंगामाच्या मध्यात कुणालाही काढू नका. काढायचंच झालं तर जानेवारीत, आणि ड्राफ्टच्या आधी. जो ड्राफ्ट करेल त्याच्याच हाती ते खेळाडू निदान दोन हंगाम राहू द्या.

क्वार्टरबॅक कोण घ्यायचा हे मूगी आणि ग्लेन यांनी ठरवावं, मालकांनी नाही. आणि जो घेतला जाईल त्याला तीन वर्षं एकच पद्धत शिकवली जावी. कोऑर्डिनेटर गेला तरी पद्धत तीच ठेवणारा माणूस नेमा.

पाच निवडींपैकी एकही ३० वर्षांपुढच्या खेळाडूसाठी देऊ नका. करार आधी, निवड नंतर, हा नियम लेखी करा. वय झालेल्या खेळाडूच्या करारात पुढची वर्षं फक्त बोनस पसरवण्यासाठी जोडू नका.

रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) ब्रीस हॉलचा करार या हंगामाअखेर संपतो. ४ नोव्हेंबरला त्याला ठेवलंत, तर आता मार्चची वाट बघू नका. एकतर हंगाम संपताच करार करा, नाहीतर फ्रँचायझी टॅग (खेळाडूला आणखी एक वर्ष ठेवून घेण्याचा संघाचा हक्क) लावा. हफसारखं हातातून सोडलं तर भरपाईची निवड फार तर तिसऱ्या फेरीच्या शेवटी, तीही एक वर्ष उशिरा मिळते, आणि आपण बाहेरून कुणाला घेतलं तर तीही कापली जाते.

मैदानाचंही बोललं पाहिजे. १९ जुलै २०२६ ला मेटलाइफ स्टेडियमवर फुटबॉल (सॉकर) विश्वचषकाचा अंतिम सामना आहे आणि त्यासाठी खरं गवत घातलं जाणार आहे. रॉजर्सची दुखापत कृत्रिम गवतामुळेच झाली असा दावा आम्ही करत नाही. तसं सिद्ध करता येणार नाही. पण खेळाडू वर्षानुवर्षं खरं गवत मागत आहेत. स्टेडियम जायंट्सबरोबर भागीदारीत आहे, हंगामात दोन संघांचे सामने तिथे होतात, गवत टिकवणं खर्चाचं आहे, हे मान्य. तरी पाहुण्यांसाठी जे शक्य आहे ते घरच्यांसाठी का नाही, हे जायंट्सच्या मालकांसोबत बसून ठरवा आणि विश्वचषक संपल्यावर गवत उचलू नका. २०२५ च्या सुरुवातीला खेळाडूंच्या संघटनेच्या अहवालात मालक म्हणून तुम्हाला एफ श्रेणी मिळाली. ती बदलायची सुरुवात इथून होऊ शकते.

शेवटची मागणी आमच्या खिशाची. पराभवांपेक्षा विजय जास्त असलेला एक हंगाम होईपर्यंत सीझन तिकिटांचे दर आजच्याच पातळीवर ठेवा.

२०२६ चा ड्राफ्ट २३ ते २५ एप्रिलला पिट्सबर्गमध्ये आहे. त्याआधी, शक्यतो मार्चमध्ये मोकळ्या खेळाडूंचा बाजार उघडण्यापूर्वी, वरच्या मुद्द्यांवर मूगी आणि ग्लेन यांच्यासह समर्थकांसमोर बसा आणि प्रश्नांची उत्तरं द्या. जागा तुम्ही ठरवा, फ्लोरहॅम पार्कचं सराव मैदानही चालेल. आम्ही येऊ.

कळावे,

न्यू जर्सीतले जेट्सचे मराठी समर्थक